फिरतंय पण दिवा लागत नाही: भंगारातल्या ऊर्जा-प्रोजेक्टबद्दल वाचकांचे प्रश्न

विज्ञान प्रदर्शनांचा सीझन जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो, पवनचक्की, सूर्यचूल, सोलर, आणि सगळं "टाकाऊपासून". या वेळी त्यातली सहा पत्रं निवडली आहेत. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी कापली, मुद्दा तोच ठेवलाय. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण पुढच्या उत्तरांत ती परत येणारच आहे, प्रोजेक्ट करताना हाताशी एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, ठेवा, दोन-तीनशे रुपयांचा चालतो. आकडा हातात नसेल तर काय सुधारायचं ते मुलांना कळणारच नाही.

प्रश्न: आमची जिल्हा परिषदेची शाळा पाटण तालुक्यात आहे, पठारावरच्या पवनचक्क्या मुलं रोज बघतात. सातवी-आठवीच्या मुलांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीची पाती कापून, खेळण्यातल्या गाडीची मोटर लावून पवनचक्की केली. गच्चीवर मस्त फिरते. पण एलईडी काही केल्या लागत नाही. मुलं हिरमुसली आहेत. कुठे चुकतंय?
*एक शिक्षिका, सातारा जिल्हा*

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे मुलांना सांगा की चक्की फिरली म्हणजे अर्धं काम झालंय. आता राहिलेलं अर्धं. तुमचा घोळ बहुतेक मोटरमध्ये आहे. खेळण्यातली छोटी मोटर तीन व्होल्टवर मिनिटाला दहा हजाराच्या आसपास फेरे मारायला बनवलेली असते, म्हणजे उलट बाजूने विचार केला तर तिच्यातून तीन व्होल्ट बाहेर काढायला तिला तेवढंच जोरात फिरवावं लागणार, आणि तुमची चक्की फिरत असेल मिनिटाला तीनशे फेऱ्यांनी. मग मिळणार किती? जेमतेम ०.१ व्होल्ट. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास, त्याखाली तो मिणमिणत पण नाही. मुलांनी आधी मल्टिमीटर लावून बघितलं असतं तर हे दोन मिनिटांत कळलं असतं, म्हणून मी त्या मल्टिमीटरच्या मागे लागलेली असते.

उपाय सोपा आहे. बंद पडलेला प्रिंटर मिळवा. त्यात कागद ओढणारी मोटर असते, ती हळू फिरूनही जास्त व्होल्टेज देते, तीनशे फेऱ्यांना एक-दीड व्होल्ट सहज, म्हणजे जरा वारा वाढला की लाल एलईडी लागलाच. त्याहून भारी म्हणजे स्टेपर मोटर, जुन्या प्रिंटर-स्कॅनरमध्ये सापडते, चार-पाच-सहा वायरी बाहेर आलेल्या असतात, ओळखायची खूण म्हणजे बोटाने फिरवली की अडकत अडकत टकटक फिरते. ती हाताने गरकन फिरवली तरी एलईडी लागतो. फक्त तिच्यातून एसी येतो, म्हणजे सारखी दिशा बदलणारी वीज, त्यामुळे प्रत्येक कॉइलला चार डायोडचा ब्रिज लावायचा, डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. दुकानदार ४००७ नंबरचे देईल, चालतात, पण त्या ब्रिजमध्ये जवळपास १.४ व्होल्ट खाल्ले जातात, ५८१९ नंबरचे मिळाले तर निम्म्याहून कमी वाया जातं. आणि एलईडीची लांब तार प्लसला, हे बघितलंय ना? यात पण पुष्कळ पोरं फसतात.

आता पाती. बाटलीचं प्लास्टिक वाऱ्याने वाकतं, जोराचा वारा आला की पातं मागे झुकतं आणि नेमकी तेव्हाच ताकद जाते. प्लंबरकडे चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले असतात. पंचवीस सेंटिमीटर लांब तुकडा घ्या, उभा चिरून चार भाग करा, टोकाकडे निमुळता कापा, वाऱ्याला कापणारी कड पॉलिश पेपरने गोल करा, मागची कड पातळ. तीन पाती पुरेत. तिन्हीचं वजन सारखं पाहिजे नाहीतर चक्की थरथरते आणि एक दिवस मोटरच उखडून हातात येते. पाइप गरम करून वाकवायचा मोह होईल, वर्गात नको, पीव्हीसी जळलं की त्याचा धूर विषारी असतो.

आणि आता जो भाग मला सगळ्यात आवडतो तो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. पंचवीस सेंटिमीटरच्या पात्यांनी जो गोल तयार होतो त्यातून सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा गेला तर त्यात साधारण ३ वॅट असतात. वारा ६ मीटर झाला की तेच २५ वॅट. यातलं सगळं कधीच मिळत नाही, जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं की कितीही भारी चक्की असली तरी ५९.३ टक्क्यांवर जाता येत नाही, आणि मुलांच्या हातच्या चक्कीला दहा टक्के मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे मंद वाऱ्यात ०.३ वॅट. पण एका एलईडीला लागतात फक्त ०.०६ वॅट! म्हणजे पाच एलईडी लागतील एवढी वीज तुमच्या गच्चीवर आहे. हे गणित मुलांना फळ्यावर करू द्या आणि मग त्यांना विचारा की वनकुसवडे-चाळकेवाडीच्या चक्क्या पठाराच्या वरच का लावल्या, खाली गावात का नाही, आणि एवढ्या उंच खांबावर का. उत्तर त्यांचं त्यांना सापडेल. तुमची चक्की पण गच्चीच्या कठड्यामागून काढून उंच बांबूवर लावा, कठड्यामागे वारा नुसता भोवरे खातो.

प्रश्न: मी नववीत आहे. मला प्रदर्शनात फ्री एनर्जी जनरेटर करायचा आहे. व्हिडिओत दाखवलंय की एक मोटर दुसऱ्या मोटरला फिरवते, दुसरी वीज तयार करते, तीच वीज पहिलीला देतात आणि वर एक बल्ब पण लागतो. मी तसंच केलं पण बॅटरी काढली की लगेच बंद पडतं. कोणती मोटर घेऊ?
*एक विद्यार्थी, नाशिक जिल्हा*

उत्तर: बाळा, तू स्वतः करून बघितलंस, नुसता व्हिडिओ बघून थांबला नाहीस, याचं मला फार कौतुक वाटलं. आणि तुझं मशीन बंद पडलं हेच बरोबर उत्तर आहे. कोणतीही मोटर घेतलीस, सोन्याची घेतलीस तरी ते बंदच पडणार. ऊर्जा तयार होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते फक्त, आणि जाताना प्रत्येक वेळी थोडी उष्णता होऊन निसटते. तुझ्या मोटरला हात लावून बघ, गरम झालेली असेल, ती निसटलेली वीज आहे. मोटरपंपाने टाकीत पाणी चढवायचं आणि तेच पाणी खाली सोडून पंप चालवायचा, वर शेताला पण पाणी द्यायचं, असं कुणी सांगितलं तर तुझे आजोबा काय म्हणतील? तसंच आहे हे. जड चाक लावलं, म्हणजे फ्लायव्हील, तरी फरक पडत नाही, ते थोडा वेळ जास्त फिरेल एवढंच, कारण सुरुवातीला त्याला फिरवताना जी ऊर्जा घातली तीच ते परत देतं. व्हिडिओत कुठेतरी बॅटरी नाहीतर वायर लपवलेली असते.

पण तू जे बनवलंयस ते फेकू नकोस, त्यातच एक झकास प्रोजेक्ट आहे! दोन सारख्या मोटरी घे, त्यांचे दांडे रिफिलच्या तुकड्याने नाहीतर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोड. पहिलीला बॅटरी लाव, दुसरीला एक छोटा बल्ब किंवा रेझिस्टर. आता पहिलीत किती व्होल्ट आणि किती अँपिअर जातायत ते मोज, गुणाकार कर, वॅट मिळाले. दुसरीतून येणारे पण तसेच मोज. समजा आत ६ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर जातायत म्हणजे ३ वॅट, बाहेर ३ व्होल्ट आणि ०.२ अँपिअर येतायत म्हणजे ०.६ वॅट, तर तुझी जोडी २० टक्के देते. बाकीचे ८० कुठे गेले ते शोध. दांडे सरळ रेषेत नाहीत का, तिथे घासतंय का, बल्ब बदलला तर आकडा वाढतो का, मोटरला तेलाचा थेंब दिला तर? प्रत्येक बदलाचं रीडिंग वहीत लिही आणि आलेख काढ. प्रदर्शनात तुझ्या टेबलाच्या नावात "मुक्त ऊर्जा का शक्य नाही" असं लिही आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मल्टिमीटर हातात देऊन मोजायला लाव. परीक्षकांनी उलटसुलट विचारलं तरी तुझ्याकडे आकडे असतील, व्हिडिओवाल्याकडे ते नसतात.

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. शाळेने सोलर एनर्जीचा प्रोजेक्ट दिला, आम्ही ऑनलाइन किट मागवलं, चांगलं महाग होतं, तिने अर्ध्या तासात जोडलं आणि कपाटात ठेवून दिलं. शिकली काय, मला कळलं नाही. भंगारातून करायचं म्हटलं तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणायचं कुठून, आणि ते सेफ आहे का?
*एक पालक, ठाणे*

उत्तर: तुम्हाला जे वाटलं ते अगदी बरोबर आहे. किटमध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं, कुठली मोटर, किती व्होल्ट, भोक कुठे, मग मुलांनी विचार करायला उरतं काय? भंगारातून करताना पहिला प्रश्नच असा येतो की हे काय आहे आणि हे कशाला वापरता येईल, आणि खरं शिक्षण तिथूनच सुरू होतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, काडेपेट्या, रिफिली, स्ट्रॉ, जुन्या चपला, सायकलची ट्यूब यातून शेकडो खेळणी, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे, मराठीतसुद्धा. सहावीच्या मुलीला तिथून सुरुवात करू द्या.

सामान म्हणाल तर सोसायटीतच पुष्कळ असतं. बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, सीडी ड्राइव्ह, रिमोटची खेळणी, कॉम्प्युटरचा पंखा, बागेतले ते छोटे सोलर दिवे ज्यांची बॅटरी गेलेली असते पण पॅनेल चांगलं असतं. वॉचमनदादांना सांगून ठेवा, नाहीतर भंगारवाल्याकडे एकदा मुलीला घेऊन जा, काय किलोने जातं, कशातलं तांबं काढतात, हे तो फार छान सांगतो.

सेफ्टीचं मात्र मी अजिबात सैल सोडणार नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन कधीच उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी त्यातला वीज साठवणारा कपॅसिटर जीव घेऊ शकतो. जुना डबा टीव्ही, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला, तोही नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडायचे नाहीत, आत पारा असतो. लॅपटॉपच्या, मोबाइलच्या, पॉवरबँकच्या बॅटऱ्या सोलायच्या नाहीत, त्या पेट घेतात आणि पाण्याने पटकन विझत पण नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ॲसिड आणि शिसं असतं, तिला हात नाही. ज्याला प्लग आहे असं काहीही मोठं माणूस सोबत असल्याशिवाय उघडायचं नाही. आणि एक वस्तू मुलांमध्ये फार फेमस आहे ती म्हणजे कूलरची स्विंग मोटर, हाताने फिरवली की एलईडी लागतात म्हणून, पण ती २३० व्होल्टची असल्यामुळे उलट फिरवली की चांगलंच व्होल्टेज तयार होतं आणि झटका बसतो, वायरींची टोकं उघडी ठेवून फिरवू नये.

अजून एक, घरचा जुना सिलिंग फॅन जनरेटर म्हणून वापरता येईल का असं पुष्कळ जण विचारतात. साध्या फॅनमध्ये चुंबकच नसतात, त्यामुळे नुसता फिरवून वीज येत नाही. मिक्सरच्या मोटरचं पण तेच. नवीन बीएलडीसी फॅनमध्ये चुंबक असतात, तो भंगारात मिळाला तर मात्र सोडू नका.

प्रश्न: आमच्या आश्रमशाळेत थंडीत मुलींच्या अंघोळीला पाणी तापवायला लाकडं जाळतो. धूर फार होतो. प्रदर्शनापुरतं नको, मुलांनी बनवलेलं आणि खरंच वापरता येईल असं काही आहे का? पैसे नाहीत, प्लास्टिकच्या बाटल्या मात्र पोतीभर आहेत.
*एक अधीक्षक, नंदुरबार जिल्हा*

उत्तर: सर, तुमचं पत्र वाचून मला जोसे आलानो आठवले. ब्राझीलमधले निवृत्त मेकॅनिक, घरात कचरा साठत होता तो फेकायला मन होईना, तर त्यांनी २००२ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्या आणि दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांतून पाणी तापवायचं सोलर केलं. ते इतकं साधं आहे की तिकडे गावोगाव लोकांनी आपापलं बनवलं.

रचना अशी. दोन लिटरच्या पारदर्शक बाटल्यांचे तळ कापायचे आणि त्या एकात एक घालत पाइपवर ओवायच्या, एका पाइपवर पाच. प्रत्येक बाटलीत पाइपच्या खाली पुठ्ठ्याचा डबा उघडून काळा रंग मारून सरकवायचा, आपल्याकडे दूध पिशवीत येतं पण ज्यूसचे आणि ताकाचे तसे डबे मिळतात, नाही मिळाले तर जुना पातळ पत्रा काळा करा. पाइप पण काळा. रंग चमकणारा नको, मॅट हवा. असे पाइप शेजारी शेजारी उभे लावायचे आणि वर-खाली आडव्या पाइपने जोडायचे. बाटलीच्या आत हवा कोंडलेली राहते त्यामुळे ऊब बाहेर जात नाही. पाण्याची टाकी पॅनेलच्या वर पाहिजे, हे विसरू नका, सगळी गंमत त्यातच आहे. गरम पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली येतं, पंप लागत नाही. गार पाण्याचा पाइप टाकीच्या तळातून, गरम पाण्याचा वरच्या बाजूला. ब्राझील विषुववृत्ताच्या खाली म्हणून तिकडे पॅनेलचं तोंड उत्तरेला असतं, तुम्ही दक्षिणेला करा आणि थंडीसाठी तिरपेपणा तीसेक अंशाचा ठेवा. साधा पीव्हीसी पाइप साठ अंशांच्या पुढे मऊ पडतो, तेव्हा रिकामं पॅनेल उन्हात ठेवू नका, पाणी भरलेलं असू द्या. हे पाणी अंघोळीचं, प्यायचं नाही.

आता किती मोठं करायचं ते मुलांकडून काढून घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात स्वच्छ ऊन असतं, एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. त्यातले ३५ टक्के जरी पाण्यात गेले तर पावणेदोन युनिट, त्यात ५० लिटर पाणी ३० अंशांनी तापतं. म्हणजे सकाळचं १८ अंशांचं पाणी दुपारी ४८ ला. हा चांगला जमलेल्या पॅनेलचा हिशोब आहे, पहिल्या पॅनेलला यापेक्षा कमी येईल, तर आधी एकच चौरस मीटर बांधा, आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ थर्मामीटरने मोजा, आणि मग ठरवा अशी किती पॅनेल लागतील.

खरी अडचण वेगळी आहे, ती आधीच सांगते. पाणी तापतं दुपारी आणि अंघोळ असते पहाटे. रात्रभरात साध्या ड्रममधलं पाणी निवतं. दोन वाटा आहेत. एक, ड्रम मोठ्या पेटीत ठेवून भोवती वीतभर भाताचा तूस नाहीतर लाकडाचा भुसा ठासून भरा, वरून झाकण, आणि पावसाने ओलं होऊ देऊ नका. दुसरी, शाळेचं वेळापत्रक बसत असेल तर मुलींची अंघोळ संध्याकाळी पाचला करा. मला दुसरी जास्त बरी वाटते, एक पैसा लागत नाही. आणि मुलींनाच विचारा, अंघोळ त्यांची आहे. बाटल्या उन्हाने पिवळट आणि ठिसूळ होतात, त्या बदलाव्या लागतील, ते काम दरवर्षीच्या नव्या आठवीला द्या म्हणजे प्रत्येक बॅच शिकेल.

प्रश्न: दहावीला "हरित ऊर्जेच्या दिशेने" हा धडा शिकवतो. वर्गात साठ मुलं, प्रयोगशाळा नावाला, पोर्शन संपवायचा असतो. प्रोजेक्ट करायचा कधी? आणि मार्क कशावर द्यायचे? पालक विकतचं मॉडेल आणून देतात, तेच सुंदर दिसतं.
*एक विज्ञान शिक्षक, सोलापूर जिल्हा*

उत्तर: सर, सुंदर दिसतं त्याला मार्क देणं आधी थांबवू या. थर्माकोलची टेकडी, हिरवा रंग, वर विकतची पवनचक्की आणि खाली सेलवर लागणारा बल्ब, यात हरित काय आहे? ती पवनचक्की सेलवरच फिरते. मुलांना हे कळतं, आपण त्यांना खोटं करायला शिकवतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेळेचं म्हणाल तर साठ मुलांचे पाच-पाचचे बारा गट करा आणि सगळ्यांना एकच काम द्या, सूर्यचूल. पुठ्ठ्याची दोन खोकी, एकात एक, मध्ये चुरगळलेले पेपर, आत काळा कागद, वर काच, झाकणाला आतून बिस्किटाच्या पुड्याची चंदेरी बाजू. आपलं सोलापूरचं ऊन म्हणजे वेगळी प्रयोगशाळा नकोच! शनिवारी सकाळी दहाला मांडा, दर दहा मिनिटांनी एका मुलाने रीडिंग घ्यायचं. समजा तोंड ५० बाय ५० सेंटिमीटरचं आहे, म्हणजे पाव चौरस मीटर, त्यावर ऊन पडतंय साधारण २०० वॅट. एक लिटर पाणी तासाभरात ३० वरून ८० अंशांवर गेलं तर पाण्यात गेले २१० किलोज्यूल, भागिले ३६०० सेकंद, झाले ५८ वॅट. म्हणजे २९ टक्के. विशिष्ट उष्मा, कार्यक्षमता, ऊर्जेचं रूपांतर, एका शनिवारात सगळं झालं, आणि बारा गटांचे बारा वेगळे आकडे आले की पोरं आपोआप भांडायला लागतात, तुमचं का जास्त, आमचं का कमी, काच गळतेय का, काळा रंग फिका आहे का. तेच हवंय आपल्याला. पुढच्या शनिवारी प्रत्येक गटाने एकच बदल करायचा आणि परत मोजायचं.

मार्क त्या वहीला द्या. पहिलं रीडिंग, काय बदललं, का बदललं, दुसरं रीडिंग. आकडा कमी आला तरी कारण नीट लिहिलं असेल तर पूर्ण मार्क. खोकं कितीही वेडंवाकडं असू दे. विकतचं मॉडेल आणणाऱ्याकडे दुसरं रीडिंगच नसेल, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो, कुणाला रागवावं लागत नाही.

मुलांना हेही सांगा की हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाही. मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याने आरसे लावून सूर्यचूल केली होती आणि १८७८ मध्ये त्याने लिहून ठेवलंय की जानेवारीतल्या उन्हात सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं. आणि हाताने काम करत शिकायची वाट तर आपल्याच राज्यात घालून दिलेली आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला, त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा कोर्स राज्यातल्या कितीतरी शाळांत गेला, त्यात ऊर्जा-पर्यावरण हा वेगळा विभागच आहे आणि मुलं शिकता शिकता गावातली खरी कामं करून देतात. जमलं तर दोन-तीन शिक्षक मिळून एकदा पाबळला जाऊन या. आणि कल्पना चांगली निघाली तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेला नाव जरूर पाठवा, निवड झाली की विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी १० हजार रुपये मिळतात.

प्रश्न: मी वीज खात्यातून निवृत्त झालो. कोयनेसारखा १९६० मेगावॅटचा प्रकल्प ज्या राज्यात आहे तिथे पोरांनी बाटल्या-डबे जोडून एक एलईडी लावला तर त्याने काय होणार? ही नुसती हौस नाही का?
*एक ज्येष्ठ वाचक, सांगली*

उत्तर: काका, त्या एलईडीने राज्याची वीज वाचणार नाही, हे तुमचं शंभर टक्के खरं. पण तुम्ही आयुष्यभर मेगावॅट बघितलेत, पोरांनी एक वॅट पण हाताने अनुभवलेला नसतो. त्यांच्यासाठी वीज म्हणजे भिंतीतलं बटण. धडधाकट मुलाला सायकलवर बसवून जनरेटर फिरवायला लावा, ५० वॅट काढताना त्याला घाम फुटतो, आणि त्या वेगाने एक युनिट काढायचं तर वीस तास पेडल मारावं लागेल. वीस तास! आणि ते एक युनिट आपल्याला काही रुपयांत घरपोच येतं. हे एकदा पायांना कळलं की जुना ७५ वॅटचा फॅन रिकाम्या खोलीत फिरताना दिसला तर मुलं आपणहून बंद करतात, आणि ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी घ्या म्हणून बाबांच्या मागे लागतात. कोयना आणि वनकुसवडे काय आहे हे पण तेव्हाच खरं समजतं, नुसता आकडा पाठ करून नाही.

आणि खरं सांगू का, या कामात तुमच्यासारख्या माणसाची फार गरज आहे. शाळेत वायरमनचं काम येणारं कुणी नसतं. शिक्षकांना सोल्डरिंगची भीती वाटते, अर्थिंग म्हणजे काय हे मुलांना दाखवायला कुणी नाही. तुम्ही आठवड्यातून एक दुपार जवळच्या हायस्कुलात गेलात, घराघरातली बिलं मुलांना आणायला लावून एकत्र बसून वाचलीत, कुठला लोड किती, कुणाचं बिल का जास्त, तर तेवढ्यावर एक अख्खा प्रोजेक्ट होईल. सायकलचा करायचा असेल तर बाटली डायनमोपासून, म्हणजे टायरला टेकून फिरणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनमोपासून, सुरू करा, ६ व्होल्ट ३ वॅटचा असतो, पाच हजार एमएएचच्या मोबाइलमध्ये साधारण १९ वॅट-तास मावतात, म्हणजे फुल चार्जला सहा तासांच्या वर पेडल मारावं लागेल, तर शिफ्ट लावा, वर्गातल्या प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं. डायनमो एसी देतो, मध्ये रेक्टिफायर आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर लागेल हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडे जुनी सायकल पडून असेल तर तीच घेऊन जा, स्टँड डबल असेल तर फारच बरं, मागचं चाक उचललेलं राहतं.